मिशनची जुनी घरे : रंगाआधी चुना बघा

अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. अशा मिशनांची मोडकळीस आलेली घरे दुरुस्त करायला तरुण श्रमदानाला येतात, तेव्हा आम्हाला आनंद होतो. थोडी धास्तीही वाटते, कारण पहिल्याच दिवशी सिमेंटची पोती उतरतात.

जुन्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या. त्यांतली ओल चुन्यातूनच बाहेर पडून वाळते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ती आत कोंडते. पोपडे सुटतात, विटा भुसभुशीत होतात. म्हणून आधी तिथे राहणाऱ्यांना विचारा, पाणी कुठे गळते. कौले, पन्हळी नीट करा. भिंत वाळू द्या. मग चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधा आणि त्याला पूर्ण मजुरी द्या. श्रमदान आपले आहे, त्याचे नाही.