धर्मादाय रुग्णालयातील खाट ही भीक नव्हे, हक्क आहे!

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले की आमच्या वस्तीतले कुटुंब आधी सावकाराचे दार गाठते. दागिना गहाण पडतो, गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला जातो. माणूस वाचतो, पण घर कर्जात बुडते. हक्काची दारे असताना हे घडते, याची आम्हाला चीड येते.

‘धर्मादाय’ हा शब्दच फसवा आहे. कोणी उपकार करीत असल्यासारखा तो वाटतो. प्रत्यक्षात ट्रस्टची ही रुग्णालये करसवलती घेतात. कित्येकांना भूखंडही सवलतीत मिळाले. त्याच्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना लागू केली. त्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. मग हा उपकार कसा?

दुसरे दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे. ठरवून दिलेल्या शस्त्रक्रियांसाठी, योजनेतील रुग्णालयात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत बिनपैशाचे उपचार मिळतात. तिथे ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. त्याला आधी गाठा. तिसरे दार जे. जे., ससून, घाटी यांसारख्या शासकीय रुग्णालयांचे. तिथे तारखेसाठी थांबावे लागते, पण जमीन विकावी लागत नाही.

मात्र हक्क आपोआप चालून येत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका आजार येण्याआधीच तयार ठेवा. अनामत रक्कम भरण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाकडे लेखी अर्ज द्या व पोच घ्या. ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर ते लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घेणे बंधनकारक आहे, कागदपत्रे नंतर.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले. त्यांची जयंती आम्ही वाजतगाजत साजरी करतो. आता प्रत्येक विहारातून दोन शिकलेल्या तरुणांनी रुग्णाबरोबर अर्ज घेऊन रुग्णालयात जावे. एक घर कर्जातून वाचले तरी ते चळवळीचेच काम आहे.