मान कुत्र्याची, मान मालकाचा

कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा ही तशी क्षुल्लक वस्तू. परंतु शहरांतील दुकानांत चमकत्या खड्यांनी मढविलेले पट्टे मांडलेले दिसतात, तेव्हा या क्षुल्लक वस्तूतही अर्थव्यवहाराचे एक सूत्र सापडते. सर्वसाधारणतः वस्तू विकत घेणारा व वापरणारा एकच असतो. ती टोचली तर तो पुन्हा घेत नाही. येथे पैसे मोजणारा एक आणि पट्टा वागविणारा दुसरा. त्या दुसऱ्याला बाजारात वाचा नाही. म्हणूनच पट्टा कोणाची गरज भागवितो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

अहिल्यानगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात मेंढपाळाचे सारे भांडवल चार पायांवर चालते आणि त्याची राखण कुत्रा करतो. लांडगा किंवा बिबट्या प्रथम गळा धरतो. म्हणून राखणीच्या कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालण्याची पद्धत निघाली. त्याला शोभा नाही, पण तो कुत्र्याचा जीव वाचवितो.

रत्नांचा साजही आपल्याकडे अगदीच नवा नाही. १७०७ मध्ये औरंगजेब नगरजवळच्या छावणीत मरण पावला आणि त्यानंतर मोगलांच्या कैदेतून शाहू महाराज सुटले. पुढे त्यांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीवस्त्रे व जडजवाहीर घालून दरबारात आणल्याची हकीकत ग्रँट डफ याने १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. या कुत्र्याने शिकारीत महाराजांचे प्राण वाचविले होते, असेही तो सांगतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी दाखवितात. हा साज राजेशाही खरा. परंतु त्यामागे ऋणाची जाणीव होती.

ऋण नसताना साज चढतो तेव्हा काय होते? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये ‘दिखाऊ उपभोगा’ची मीमांसा करताना श्रीमंतांच्या कुत्र्यांचाही विचार केला होता. उत्पादक काम न करणारा, खर्चिक प्राणी बाळगता येणे हीच प्रतिष्ठेची खूण बनते. खडे कुत्र्याच्या मानेवर असतात. चमकते ती मालकाची ऐपत.

अशा खर्चाने कारागिराला काम मिळते, असा युक्तिवाद केला जाईल. तो खोटा नाही. पोळ्याचे गोंडे, घुंगुरमाळा आणि झुली यांनीही अनेक हातांना काम दिले. परंतु पोळ्याचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी-हळद लावतात. साज त्यानंतर चढतो. आधी खांद्याची वेदना, मग खांद्याची शोभा!

हाच क्रम शहरातील हौशी मालकाने पाळावा, एवढीच अपेक्षा आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर माणूस काय किंवा कुत्रा काय, वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर टोचलेली लस मात्र तो टाळू शकते. लसीवाचून घातलेला मौल्यवान पट्टा म्हणजे उपाशी बैलावर टाकलेली भरजरी झूलच नव्हे काय? लस टोचलेली असावी, पट्टा मऊ व हलका असावा, मान आणि पट्टा यांत दोन बोटे सहज शिरावीत. एवढे झाल्यावर एखादा खडा लावला, तर त्याला कोणी हरकत घेऊ नये.