उजनीच्या पाण्यावरील अंधार

रात्री रस्त्याने जाणाऱ्या सायकलला दिवा असावा, हा दंडक आपल्याकडे जुना आहे. बैलगाडीखाली टांगलेला कंदीलही त्याच शहाणपणाची साक्ष देत असे. पाण्यावरच्या वाटेचा मात्र आपल्याला विसर पडला आहे. बारामती-इंदापूरच्या माणसाला होडी म्हटली की कोकण आठवते. वस्तुतः भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तेव्हापासून इंदापूर तालुक्याची उत्तर सीमा एका विस्तीर्ण जलाशयाने व्यापली आहे. पैलतीरावरील करमाळा तालुक्यातील गावे डोळ्यांना दिसतात. पण रस्त्याने गाठायची तर मोठा वळसा पडतो. म्हणून माणसे होडीत बसतात. मच्छीमार सायंकाळी जाळी टाकतात आणि उजाडण्यापूर्वी ती काढावयास निघतात. भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी पाहणारे प्रवासीही पहाटेच पाण्यावर असतात. म्हणजे गर्दी आणि अंधार यांची गाठ नेमकी एकाच वेळी पडते.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागला. मृतदेह हाती आले ते तिसऱ्या दिवशी. दिवा असता तर ती दुर्घटना टळली असती, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तिचे कारण वारा होते. परंतु या पाण्यावरची रोजची ये-जा कोणत्याही चौकटीवाचून चालते, हे सत्य त्या सायंकाळी सर्वांसमोर उघडे पडले. त्या चौकटीत जीवरक्षक जाकीट आहे, प्रवाशांच्या संख्येची मर्यादा आहे, हवामानाची सूचना आहे आणि दिवाही आहे. या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे दिवा.

दिव्याचे काम उजेड पाडणे हे नव्हे, आपण दिसणे हे होय. हा भेद न कळल्यामुळे नाकावर प्रखर बॅटरी बांधली की काम झाले असे समजले जाते. तिच्या झोताने समोरच्याचे डोळे दिपतात आणि नावाड्याची स्वतःची नजरही अंधाराला पारखी होते. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये ठरलेले आणि १९७७ पासून अमलात आलेले आंतरराष्ट्रीय नियम अधिक विचारपूर्वक केलेले आहेत. नावेच्या डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा. समोर तांबडा व हिरवा दोन्ही दिसले, तर नाव सरळ आपल्यावर येत आहे. नुसता पांढरा दिसला, तर ती पुढे चालली आहे. यंत्राने चालणाऱ्या दोन नावांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिला दुसरी आपल्या उजव्या हाताला दिसते, तिने वाट द्यावी; आणि तिला समोरचा दिवा तांबडाच दिसतो. ज्याला चौकातला सिग्नल कळतो, त्याला हे एका बैठकीत कळेल.

लहानांसाठी हे नियम उदारही आहेत. सात मीटरहून लहान आणि ताशी सुमारे १३ किलोमीटरपेक्षा अधिक वेग नसलेल्या यांत्रिक होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. शक्य असल्यास बाजूचे दिवे लावावेत, एवढेच. वल्ह्यांच्या होडीला तर हाताशी कंदील किंवा बॅटरी असली आणि ती वेळेवर दाखविली तरी पुरे. अशा वेगाच्या दोन होड्या समोरासमोर आल्या, तर त्यांतील अंतर सेकंदाला सुमारे सात मीटरने घटते. काळोखात पन्नास मीटरवर दिसलेली होडी सात सेकंदांत अंगावर येते. दिवा असेल तर तीच कितीतरी आधी दिसते.

‘हे पाणी आम्हांला अंगणासारखे ठाऊक आहे,’ असे यावर उत्तर मिळेल. ते खोटे नाही. पण पाणी ठाऊक असले, तरी पाण्यावरची दुसरी होडी कुठे आहे, हे कसे ठाऊक असणार? शिवाय धरणाचे पाणी चढते-उतरते. पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात वर येते आणि पावसाळ्यात नाहीसे होते. अंगणही दर ऋतूत बदलते आहे.

समुद्राचे ते नियम उजनीला आपोआप लागू होत नाहीत. परंतु १९१७ च्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय नौका कायदा २०२१ मध्ये झाला. त्यात दिवे व संकेत यांचा विचार आहे, आणि यंत्राविना चालणाऱ्या नौकांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर व्हावी अशी तरतूदही आहे. तेव्हा जबाबदारी दूरच्या कोणावर ढकलण्याचे कारण नाही. नोंद करताना दिवा आणि जाकीट पाहिल्याविना होडीला क्रमांक देऊ नये. मात्र गरीब मच्छीमारावर नुसता दंड लादण्याऐवजी पहिला दिवा त्याला अनुदानातून मिळावा. बारामती-इंदापूरच्या तंत्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना बॅटरीवर चालणारा, पाण्याने न बिघडणारा दिवा तयार करणे अवघड नाही. काठावरच्या शाळांतील शिक्षकांनी तांबड्या-हिरव्याचा अर्थ मुलांना शिकविला, तर तो घरोघरच्या होडीपर्यंत पोहोचेल.

धरणाने या भागाला ऊस दिला, मासळी दिली, पक्षी दिले. त्याच पाण्यावर पोटासाठी जाणाऱ्या माणसाला एक दिवा मिळावा, ही मागणी मोठी नाही. ती पुरी करण्यासाठी आणखी एका दुर्घटनेची वाट पाहावी लागू नये.