अमर मानलेल्या पेशी

कोंबडीचें अंडें उबवणीस घालून तीन दिवसांनीं फोडलें, तर बलकावर तांबड्या शिरांच्या जाळ्यांत एक ठिपका धडधडतांना दिसतो. तेंच गर्भाचें हृदय. अशा कोवळ्या गर्भाच्या पेशी झपाट्यानें दुभागत असतात. म्हणून शरीराबाहेर, काचपात्रांत पेशी वाढविण्याचे आरंभींचे प्रयोग बहुतेक गर्भांवरच झाले. १९०७ सालीं रॉस हॅरिसन या अमेरिकन संशोधकानें बेडकाच्या गर्भांतील, पुढें मज्जारज्जू बनणाऱ्या भागाचा कण लसिकेच्या थेंबांत ठेवला, आणि मज्जातंतू पेशींतूनच फुटून लांबतो हें सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष दाखविलें.

पुढच्या प्रयोगाची मात्र जगभर दवंडी पिटली गेली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत ॲलेक्सिस कॅरेल यांनीं १७ जानेवारी १९१२ रोजीं कोंबडीच्या गर्भहृदयाचा तुकडा गोठलेल्या रक्तद्रवांत रुजविला. त्यास खाद्य म्हणून कोंबडीचेच गर्भ वाटून काढलेला अर्क घालावयाचा, आणि वाढ झाली कीं तिचे भाग करून नव्या पात्रांत लावावयाचे. भातरोपांची लावणी करावी तसें. हृदयाची धडधड पुढें थांबली; उरल्या त्या साध्या जोडपेशी. वृत्तपत्रांना मात्र बरणींत उडणारें हृदयच दिसत राहिलें! कॅरेल १९४४ सालीं वारले. त्या पेशी १९४६ सालीं टाकून देण्यांत आल्या, तोंपर्यंत त्या वाढतच होत्या. ३४ वर्षें! इतकीं वर्षें कोंबडीही जगत नाहीं. त्यावरून पेशी स्वभावतः अमर आहे, म्हातारपण येतें तें शरीराला, असा सिद्धान्त ठरून गेला. दुसरीकडे कोणाच्या पेशी मेल्या, तर दोष प्रयोग करणाराच्या हाताचा मानला जाई.

१९६१ सालीं फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेंत लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांना आढळलें कीं, मानवी गर्भाच्या पेशी सुमारें ५० वेळां दुप्पट झाल्या म्हणजे थांबतात. दोष हाताचा, कीं पेशींचा? त्यांनीं बरीच पिढ्या वाढलेल्या पुरुष-पेशी आणि नव्या स्त्री-पेशी एकाच पात्रांत मिसळल्या; गुणसूत्रांवरून दोहोंची ओळख पटते. कांहीं काळानें स्त्री-पेशीच उरल्या. पात्र एक, खाद्य एक, हात एक. संपल्या त्या फक्त जुन्या.

मग कॅरेल यांच्या पेशी कशा टिकल्या? अर्काबरोबर दर वेळीं नव्या जिवंत गर्भपेशी पात्रांत जात असाव्यात, असा हेफ्लिक यांचा तर्क. तें अजाणतां घडलें कीं जाणून, याचा निकाल लागलेला नाहीं. एका बरणीच्या भरंवशावर शास्त्रानें जवळजवळ अर्धशतक काढावें, हें मात्र नवलच.

दर विभाजनाला गुणसूत्रांचीं टोकें थोडीं झिजतात, हें कारण पुढें उमगलें. आज अशा पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्यें गोठवून ठेवतात. ३० वेळां दुप्पट झालेल्या पेशी गोठविल्या आणि कित्येक वर्षांनीं वितळविल्या, तरी त्यांचा हिशेब चुकत नाहीं. पुढें त्या आणखी २० वेळांच्या आसपासच वाढतात.