‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकांची नोंद करू लागले. शासकीय कामकाजात संगणकाने असे कायमचे स्थान मिळविले आहे. मात्र मुदतीच्या अखेरच्या दिवसांत ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे उत्तर मिळाले, तर मंडणगड वा राजापूरच्या दूरच्या वाडीतून एस.टी.ने आलेल्या ग्रामस्थाचा दिवस आणि भाडे दोन्ही वाया जातात. म्हणूनच या शब्दांमागील कारणे कर्मचारी व लोकप्रतिनिधींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मर्यादा कशासाठी?

एकच सर्व्हर अनेक कार्यालयांची कामे हाताळीत असतो. कोणत्याही एका कामाने त्याची सर्व साधने व्यापू नयेत यासाठी स्मृती, साठवणुकीची जागा, एकाच वेळच्या जोडण्या आणि प्रत्येक कामाचा कालावधी यांना मर्यादा घातलेली असते. ती ओलांडताच ते काम थांबविले जाते. ही मर्यादा म्हणजे दोष नसून सर्वांच्या कामाचे संरक्षण होय.

निदान व उपाय

पडद्यावरील संदेश हाच निदानाचा पहिला आधार असतो. स्मृती अपुरी पडल्याचा संदेश आल्यास संपूर्ण वर्षाचा अहवाल एकदम न मागता महिनावार मागावा. जागा संपली असल्यास जुन्या नोंदींच्या फाइली व प्रती यांची तपासणी करून, आवश्यक त्या अन्यत्र सुरक्षित ठेवून, उर्वरित काढून टाकाव्यात. जोडण्या संपल्याचा संदेश गर्दीच्या वेळीच येत असेल, तर कामाच्या वेळा विभागून द्याव्यात. परंतु गर्दी नसतानाही तो येत असेल आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर काही काळच सुटका होत असेल, तर काम संपल्यावरही प्रणाली जोडणी मोकळी करीत नसावी, असा संशय घ्यावा. तेथे केवळ मर्यादा वाढविल्याने दुखणे लांबते, बरे होत नाही.

मूक मर्यादेचा धोका

काही मर्यादा संदेशही देत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोना रुग्णांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत घेतली जात होती. अशा तक्त्यात ६५,५३६ ओळीच मावतात. परिणामी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. लाभार्थ्यांच्या याद्या एकत्र करताना आपणही ओळींची संख्या आधी व नंतर ताडून पाहावी. सुटलेली एक ओळ म्हणजे लाभास मुकलेले एक कुटुंब असू शकते.

तक्रार कळविताना संदेशाचे नेमके शब्द, दिनांक, वेळ, चालू असलेले काम आणि अडचण एकाच संगणकावर आहे की सर्वत्र, एवढा तपशील अवश्य द्यावा. नुसत्या ‘सर्व्हर डाऊन’ या शब्दांवरून तंत्रज्ञास काहीच उमगत नाही. या पाच नोंदींवरून मात्र त्याचे अर्धे काम होते आणि जनतेची खोळंबलेली कामे लवकर मार्गी लागतात.