फ्लोरीनचे रसायन : लेखांक सहावा – धातूच्या मध्यस्थीवाचून

गोंदियाहून हावड्याकडे निघालेली गाडी आमगाव, सालेकसा आणि दरेकसा ही स्थानके मागे टाकून जिल्ह्याची सरहद्द ओलांडते, तेव्हा ती डोंगरगडच्या ज्या मुलखात शिरते, तेथे चांदीडोंगरीच्या खडकांत फ्लोरस्पारच्या, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडच्या, शिरा आहेत. आणि सरहद्दीच्या अलीकडे, आपल्या धानाच्या बांध्यांत, तुडतुड्यांवर जी औषधे फवारली जातात त्यांपैकी ट्रायफ्लुमेझोपायरिमच्या प्रत्येक रेणूत फ्लोरीनचे तीन अणू असतात. खाणीतल्या या मूलद्रव्याला सेंद्रिय रेणूत नेऊन बसवण्याच्या ज्या वाटा पॅलेडियम, तांबे, चांदी यांसारख्या धातूंवर विसंबून आहेत, त्यांचा विचार मागील लेखांकात झाला. आज त्या धातूंवाचून चालणाऱ्या वाटा पाहू.

धातू वगळण्याची निकड मुख्यतः औषधनिर्मितीत भासते. पॅलेडियम महाग तर आहेच, पण पोटात घ्यावयाच्या औषधातून त्याचा अंश दिवसाला 100 मायक्रोग्रॅमहून अधिक जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय दंडक असल्यामुळे, तो शेवटच्या कणापर्यंत काढून टाकण्याचा खर्च निर्मात्याच्या माथी बसतो.

या धातूविरहित वाटांपैकी एक जुनी वाट 1927 साली बाल्झ आणि शीमान या जर्मन रसायनज्ञांनी दाखविली. ॲनिलीनवर नायट्रस आम्लाची क्रिया करून मिळणारा डायझोनियम क्षार टेट्राफ्लुओरोबोरेटच्या रूपात वेगळा करावा, वाळवावा आणि तापवावा, की नायट्रोजन व बोरॉन ट्रायफ्लुओराइड हे वायू निघून जातात आणि बेंझीनच्या कड्यावर फ्लोरीन उरतो. कोरडा डायझोनियम क्षार तापवणे हे मात्र जोखमीचे काम आहे, कारण त्याचे विघटन हाताबाहेर जाऊन स्फोट होऊ शकतो.

अधिक मनोहर मार्ग 2005 साली खुला झाला. त्या वर्षी मॅकमिलन, योर्गेन्सन आणि बार्बास यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, नायट्रोजनयुक्त लहानसा सेंद्रिय रेणू अल्डिहाइडशी संयोग पावून इनामीन बनतो, त्या इनामिनातील इलेक्ट्रॉनसंपन्न कार्बन एन-फ्लुओरोबेंझीनसल्फोनिमाइड या अभिकर्मकाकडून फ्लोरीन उचलतो, आणि मग पाण्याच्या क्रियेने तो साहाय्यक रेणू मोकळा होऊन पुन्हा कामाला लागतो. साहाय्यक रेणूची घडण डाव्या-उजव्या हातांसारखी एकतर्फी असल्याने फ्लोरीन बहुतांशी एकाच बाजूने जोडला जातो. औषधाचा गुण पुष्कळदा या बाजूवरच ठरत असल्यामुळे, हे यश मला धातू टाळण्याहूनही मोठे वाटते.

तथापि या वाटांना सरसकट निर्मळ म्हणणे घाईचे होईल. त्या सल्फोनिमाइडमधून एक फ्लोरीन अणू कामी येतो आणि बाकीचा जड भाग निरुपयोगी होऊन पडतो. शिवाय ते ज्या फ्लोरीन वायूपासून बनवतात, तो हायड्रोजन फ्लोराइडच्या विद्युत्‌विघटनाने मिळतो, आणि ते दाहक, प्राणघातक द्रव्य मुख्यतः फ्लोरस्पारवर गंधकाम्ल ओतून तयार केले जाते. भट्टीपाशी उभ्या असणाऱ्या कामगाराची धास्ती त्यामुळे कमी होत नाही.

याच मुळाशी हात घालणारे काम ऑक्सफर्ड येथे व्हेरोनिक गुव्हर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 साली प्रसिद्ध केले. फ्लोरस्पारची भुकटी आणि पोटॅशियमचा फॉस्फेट क्षार गोळ्यांच्या चक्कीत कोरडेच दळून त्यांनी एक क्रियाशील मिश्रण मिळविले आणि त्यातून सुमारे 50 फ्लोरीनयुक्त संयुगे हायड्रोजन फ्लोराइड न वापरता बनविली. त्या चक्कीत नेमके काय घडते, याचा तपशील पुढील लेखांकात.