नानांचे कान आणि सहाशे ओहमचा हेडफोन

कर्जत म्हटले की पुण्या-मुंबईच्या मंडळींना लोकलगाडी आठवते. ते कर्जत रायगड जिल्ह्यातले. आमचे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे परवापरवापर्यंतच्या नगर जिल्ह्यातले. तालुक्यात सिद्धटेकचा गणपती आहे, राशीनची देवी आहे, रेहेकुरीची काळविटे आहेत. पाऊस मात्र हात राखून पडतो. या गावात मी कॉलेजात मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध आजवर दिवा लावणे आणि मालवणे एवढाच होता. अशा माणसाने अ‍ॅम्प्लिफायरवर लेख लिहावा हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण घरात प्रसंगच तसा आला.

आमचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, यंदा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांना एकच शौक, तो गाण्याचा. १९५५ साली ते आठ वर्षांचे होते आणि पुण्याला मामांकडे शिकायला राहिले होते. त्याच वर्षी १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. पुढे वर्षभर दर आठवड्याला नवे गीत येई आणि मामांच्या वाड्यातली झाडून सारी माणसे एका रेडिओभोवती जमत. तेव्हापासून नानांना ऐकण्याची जी गोडी लागली ती लागलीच.

आता वयोमानाने त्यांना आवाज मोठा लागतो. घर तीन खोल्यांचे आणि कन्या बारावीला. संध्याकाळी नानांचे गाणे आणि तिचे रसायनशास्त्र यांची रोज टक्कर होऊ लागली. कोणी कोणाला बोलले नाही, पण एके दिवशी नानांनी आपण होऊन गाणे बंद केले. "पोरीचं वर्ष आहे," एवढेच म्हणाले. घर शांत झाले खरे, पण ती शांतता आम्हाला कोणालाच रुचेना.

माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली आणि गेल्या दिवाळीला येताना त्याने आजोबांसाठी एक उत्तम हेडफोन आणला. कानांभोवती बसणाऱ्या मऊ गाद्या, वजनाला हलका. सगळ्यांनी कौतुक केले. मी तो माझ्या मोबाइलला जोडला, नानांच्या कानांवर चढवला आणि त्यांच्या आवडीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. आवाज पूर्ण वाढवला. नाना थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग हेडफोन काढून माझ्या हातात देत म्हणाले, "राहू दे रे. लांबून कोणी गुणगुणतंय असं वाटतं. माझे कानच गेले आता."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला जेवण गेले नाही.

दोष कोणाचा?

दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी हेडफोनकडे पाहिलेच नाही. पेटीवरची बारीक अक्षरे वाचली आणि हसले. "अहो, हा सहाशे ओहमचा आहे. याला मोबाइल कसा पुरणार? नानांच्या कानांना दोष देण्याआधी मोबाइलला द्या."

ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा मोजण्याचे माप. सहकाऱ्यांनी मला ते आमच्या दुष्काळी तालुक्याला समजेल अशा भाषेत सांगितले. पाण्याची तोटी रुंद असेल तर पाणी पुष्कळ लागते, पण दाब थोडका चालतो. तोटी बारीक असेल तर पाणी थोडेच लागते. मात्र ते जोराने बाहेर पडायला टाकी उंचावर हवी. बाजारातले बहुतेक हेडफोन १६ किंवा ३२ ओहमचे असतात. त्या रुंद तोट्या. २५०, ३०० किंवा ६०० ओहमचा हेडफोन म्हणजे बारीक तोटी. टाकीची उंची म्हणजे व्होल्ट. मोबाइल हा बॅटरीवर चालणारा जीव, त्याची टाकी जवळजवळ जमिनीवरच. सहकाऱ्यांनी मोजून पाहिले, तर माझ्या मोबाइलमधून जेमतेम अर्धा व्होल्ट निघत होता.

मग असले अवघड हेडफोन करतातच कशाला? कारण हेडफोनच्या आत तारेचे वेटोळे असते. तार जितकी बारीक आणि वेढे जितके अधिक, तितके ओहम जास्त. जुन्या काळच्या स्टुडिओत एकाच यंत्राला अनेक हेडफोन एकदम जोडावे लागत. प्रत्येकाने थोडाच प्रवाह घेतला म्हणजे यंत्रावर भार पडत नसे. ती परंपरा अजून चालू आहे. सेनहायझरचा 'एचडी ६००' हा ३०० ओहमचा आहे, तर बायरडायनॅमिकचा 'डीटी ८८०' ३२, २५० आणि ६०० अशा तिन्ही ओहमांत निघालेला आहे. म्हणजे दिसायला एकच वस्तू, पण खोक्यावरचा आकडा न वाचता घेतली तर गत आमच्यासारखी.

चाळीतला क्रिस्टल सेट

ही अडचण नवी नाही. मुंबईला २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट. वाल्व्हचा रेडिओ सर्वांना परवडणारा नव्हता. हौशी मंडळी स्वस्तातला क्रिस्टल सेट वापरीत. गॅलेनाचा एक खडा, त्याला टेकवलेली बारीक तार, गच्चीवर ताणलेली एरियल आणि कानांना हेडफोन. सेटला वीजही नको, बॅटरीही नको. हवेतून एरियलमध्ये जी चिमूटभर शक्ती उतरेल तिच्यावरच गाणे ऐकायचे.

त्या हेडफोनचे ओहम किती असत? दोन हजार ते चार हजार! केसासारख्या तारेचे हजारो वेढे. कारण क्रिस्टलमधून प्रवाह अगदी थोडा मिळे, आणि थोड्या प्रवाहात पडदा हलवायचा तर वेढे भरपूर हवेत. त्या सेटला कोणी आजचा ३२ ओहमचा हेडफोन लावला असता, तर जवळजवळ काहीच ऐकू आले नसते. तात्पर्य, हेडफोन चांगला की वाईट हा प्रश्न एकट्याने सुटत नाही. जोडी कोणाशी जमते ते पाहावे लागते. लग्नाच्या बाबतीत आपण पत्रिका पाहतो. इथे निदान ओहम तरी पाहावेत.

वॅटचा चकवा

एवढे कळल्यावर मी उत्साहाने अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालो आणि लगेच फसलो. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने मला बोटभर लांबीचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर दिला. वर लिहिले होते, '१६ ओहमला १०० मिलिवॅट'. शंभर हा आकडा मला पुरेसा भारदस्त वाटला. घरी येऊन लावला, तर फरक पडला, पण नानांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

सहकाऱ्यांनी कागदावर हिशेब मांडून दिला तो वाचकांसाठी इथे देतो, कारण साऱ्या लेखात उपयोगाची गोष्ट हीच. व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमने भागले की वॅट येतात. १६ ओहमला १०० मिलिवॅट देणारे यंत्र सुमारे सव्वा व्होल्ट देते. तेच सव्वा व्होल्ट ६०० ओहमवर आले की शंभराचे अडीच-पावणेतीन मिलिवॅट उरतात. यंत्र खोटे बोलत नव्हते. मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

मग लागतात तरी किती? आमच्या हेडफोनच्या पेटीवर '१ मिलिवॅटला ९६ डेसिबल' असे लिहिले आहे. संगीतातली एखादी उसळती तान किंवा तबल्याची थाप क्षणभर ११० डेसिबलपर्यंत जाऊ शकते, असे धरून राखीव जोर ठेवावा. ९६ ते ११० म्हणजे १४ डेसिबल, म्हणजे पंचवीसपट शक्ती. पंचवीस मिलिवॅट ६०० ओहमवर मिळवायला सुमारे ३.९ व्होल्ट लागतात. मोबाइलचा अर्धा आणि छोट्या यंत्राचा सव्वा, दोन्ही अपुरे. त्यात जुन्या ध्वनिमुद्रिका मुळातच हळू आवाजाच्या. तेव्हा दुकानात 'किती वॅट?' असे न विचारता 'माझ्या इतक्या ओहमच्या हेडफोनला किती व्होल्ट मिळतील?' असे विचारावे. उत्तर देता आले नाही, तर सरळ दुसरे दुकान गाठावे.

माळ्यावरचा रिसीव्हर

उत्तर शेवटी आमच्याच माळ्यावर निघाले. सासऱ्यांनी दिलेला एक जुना रिसीव्हर तिथे धूळ खात पडला होता. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत. पूर्वीच्या कित्येक रिसीव्हरमध्ये हेडफोनसाठी वेगळे यंत्र नसे. स्पीकरकडे जाणारी वीजच एका रोधकातून हेडफोनच्या भोकाकडे वळवलेली असे.

ही साधी युक्ती जादा ओहमच्या हेडफोनला फार मानवते. आमचा रिसीव्हर ८ ओहमला २५ वॅटचा, म्हणजे साधारण १४ व्होल्टचा. वाटेत ३३० ओहमचा रोधक. त्यात काही व्होल्ट गेले तरी ६०० ओहमच्या हेडफोनपर्यंत नऊएक व्होल्ट पोहोचतात. लागणार होते चार! याच रिसीव्हरला ३२ ओहमचा हेडफोन लावला, तर त्याच्या वाट्याला सव्वा व्होल्ट येतो, आणि त्याला तेवढा पुरतोही. रोधकाचा तोटा एवढाच की हेडफोनचे ओहम स्वराप्रमाणे बदलत असतील तर खर्जाचा भाग थोडा फुगतो. काटेकोर मंडळी यंत्राचे आतले ओहम हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावेत असे म्हणतात. नानांना खर्ज थोडा भरलेला आवडतो. आम्ही तक्रार केली नाही.

गावातल्या कारागिराने तो उघडून साफ केला. जुना रिसीव्हर विकत घेणार असाल, तर त्याने सांगितलेल्या चार गोष्टी जरूर लक्षात ठेवा.

पहिली, मागची पट्टी वाचा. अमेरिकेहून आलेली यंत्रे ११० ते १२० व्होल्टवर आणि जपानची १०० व्होल्टवर चालतात. आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत ती तशीच खुपसली की धूर निघतो. दुसरी, आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते का आणि दोन्ही कानांत आवाज सारखा येतो का, ते पाहा. तिसरी, जुन्या कपॅसिटरमुळे हेडफोनकडे सरळ प्रवाह गळत नाही ना, हे कारागिराकडून मीटरने तपासून घ्या. नाहीतर महागडे वेटोळे जळते. चौथी, हेडफोन सरळ स्पीकरच्या स्क्रूंना कधीही जोडू नका. हेडफोनच्या दोन्ही कानांची एक तार सामाईक असते. काही अ‍ॅम्प्लिफायरना ती चालत नाही आणि दोन्ही वस्तू हातच्या जातात.

ज्यांच्या माळ्यावर असे काही नाही त्यांनी नव्या काळातला हेडफोनचा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. ३०० किंवा ६०० ओहमला चार-पाच व्होल्ट देणारा साधा अ‍ॅम्प्लिफायर पुरे होतो. घरातल्या सिनेमासाठी घेतलेल्या नव्या रिसीव्हरवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. त्यातल्या काहींत हेडफोनसाठी वेगळी छोटी चिप असते आणि तिचे व्होल्ट बेताचेच. आपला हेडफोन सोबत नेऊन, आपल्या ओळखीचे जुने आणि हळू आवाजाचे गाणे लावून पाहावे. आणि ३२ ओहमचा हेडफोन मोबाइलवर सुखाने वाजत असेल, तर ही सारी यातायात करूच नये.

आणि कान?

आमच्या सौभाग्यवतींनी एक प्रश्न विचारला, तो मला आधी सुचायला हवा होता. "यंत्राचं झालं, पण नानांचे कान कोणी तपासलेत का?"

नानांना नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. बंद खोलीत बसवून निरनिराळे स्वर ऐकवून त्यांनी आलेख काढला. वरच्या पट्टीतले स्वर वयामुळे कमी झाले आहेत. बाकी कान पुष्कळ शाबूत आहेत. बोलणे समजायला श्रवणयंत्र लावा असे त्यांनी सुचवले, आणि मला बजावले, "ऐकू येत नाही म्हणून हेडफोनचा आवाज वाढवत नेऊ नका. उरलेलेही जाईल." जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल असा आहे. आवाज त्याहून वाढला की तास झपाट्याने कमी होतात. ११० चा हिशेब क्षणभराच्या तानेसाठी, तासन्‌तास ऐकण्यासाठी नव्हे. म्हणून आमच्या घरी नियम झाला: आधी बटण शून्यावर, मग हेडफोन कानांवर, मग हळूहळू आवाज. नानांना जिथे सोयीचे वाटले तिथे कन्येने बटणावर नखरंगाचा ठिपका देऊन ठेवला आहे.

रिसीव्हर लावला त्या संध्याकाळी वीज गेली नाही, हेही आमचे भाग्यच. तेच जुने गाणे लावले. मी सवयीने बटण फिरवीत गेलो. नानांनी डोळे मिटले होते, एकदम हात वर करून म्हणाले, "अरे, कमी कर जरा! तानपुऱ्याची तारसुद्धा ऐकू येतेय."

शेजारच्या खोलीत कन्येचे रसायनशास्त्र चालू होते. तिला यातले काहीही ऐकू आले नाही. आपल्या घरातले एखादे वडीलधारे माणूस 'माझे कानच गेले' म्हणून गाणे सोडून बसले असेल, तर यंदाच्या दिवाळीत दोन गोष्टी करा. कान डॉक्टरांना दाखवा आणि हेडफोनच्या पेटीवरचा ओहमचा आकडा वाचा. दोष कोठे आहे ते मगच ठरवा.